डॉ. वाल्देमार हाफकिन : लस आणि तिचा ताळेबंद

मुंबईस परळ भागात एक जुनी भव्य वास्तू आहे. एके काळी ती मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होती. पुढे तीत एक प्रयोगशाळा आली आणि १९२५ सालापासून त्या प्रयोगशाळेस हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. सर्पदंशावरील औषधाच्या निमित्ताने हे नाव आपल्या पेडणे तालुक्यातील खेड्यापाड्यांतही अनेकांच्या कानांवरून गेलेले असते. परंतु ज्या गृहस्थाचे हे नाव, तो कोण, कोठला आणि आपल्या देशात कशासाठी आला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना ठाऊक असते तेही प्लेगची लस शोधणारा एवढेच सांगून थांबतात. लस शोधणे हे त्यांच्या कार्याचे अर्धे अंग होय. त्या लशीने खरोखर माणसे वाचतात की नाही, हे हिशेबाने दाखवून देणे हे दुसरे अंग, आणि प्रस्तुत लेखात त्या दुसऱ्या अंगाकडे आपण अधिक लक्ष देणार आहोत.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदरात, एका यहुदी कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ मेचनिकॉफ हे त्यांचे गुरू. तो काळ झारशाहीच्या जुलमाचा होता. यहुदी वस्त्यांवर हल्ले होत आणि तरुण हाफकिन आपल्या समाजाच्या रक्षणासाठी पुढे सरसावले म्हणून त्यांना तुरुंगही पाहावा लागला. गुरूंच्या खटपटीने त्यांची सुटका झाली. धर्म बदलल्यास चांगली नोकरी मिळण्यासारखी होती. ती वाट त्यांनी नाकारली, देश सोडला आणि स्वित्झर्लंडमार्गे १८८९ साली ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. आरंभी त्यांना तेथे मिळाले ते ग्रंथालयातील काम. दिवसा पुस्तके सांभाळावीत आणि उरलेल्या वेळात प्रयोग करावेत, असा त्यांचा क्रम होता.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे. हाफकिन हे वैद्यकाचे पदवीधर नव्हते. त्यांची पदवी विज्ञानाची होती. हिंदुस्थानातील इंग्रज वैद्याधिकाऱ्यांना हा परका, प्राणिशास्त्र शिकलेला मनुष्य आपल्याला औषध शिकवतो हे कधीच फारसे रुचले नाही, आणि त्याची किंमत त्यांना पुढे मोजावी लागली.

पॅरिसमध्ये त्यांनी पटकी, म्हणजे कॉलरा, या रोगावर लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, आणि काही दिवसांत ते बरे झाले. स्वतःवरील प्रयोगाने लस निर्धोक आहे एवढेच सिद्ध होते. ती गुणकारी आहे की नाही हे कळण्यास रोग जेथे प्रत्यक्ष नांदतो अशा देशातच गेले पाहिजे. म्हणून १८९३ च्या मार्च महिन्यात ते कलकत्त्यास उतरले. पुढील सव्वादोन वर्षांत उत्तर हिंदुस्थानात आणि बंगालमध्ये सुमारे ४२ हजार लोकांना त्यांनी लस टोचली. काही ठिकाणी लोकांनी त्यांच्यावर दगड भिरकावले. तेव्हा सर्वांसमक्ष स्वतः टोचून घ्यावी आणि मग इतरांस विनवावे, हा उपाय त्यांनी पत्करला.

या काळातच त्यांच्या ध्यानी एक अडचण आली. टोचून घेतलेल्या हजारात कमी लोक मेले आणि न टोचलेल्या हजारात अधिक मेले, असे नुसते म्हटल्याने काहीच सिद्ध होत नाही. टोचून घेणारा मनुष्य अधिक सावध असेल, स्वच्छ पाणी पीत असेल, बऱ्या घरात राहत असेल. मग तो वाचला तो लशीमुळे की त्याच्या घरामुळे? हाफकिन यांनी यावर शोधलेला उपाय आज साधा वाटेल. एकाच छपराखाली राहणारी, एकाच विहिरीचे पाणी पिणारी माणसे निवडावीत आणि त्यांतील निम्म्यांनाच टोचावे. कलकत्त्याच्या झोपडवस्त्यांत, गयेच्या तुरुंगात त्यांनी हेच धोरण ठेवले. तुरुंग त्यांना विशेष सोयीचा वाटे, कारण तेथे सर्वांचे अन्न, पाणी आणि काम एकच असते, शिवाय दररोज हजेरी होते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात एका विलक्षण तापाचे रोगी आढळू लागले. तो गाठीचा ताप, म्हणजे प्लेग आहे, हे प्रथम ओळखले ते आपल्या बार्देशातील हडफडे गावच्या डॉ. अकासियो व्हिएगश यांनी. मुंबईत मेट्रो चित्रगृहासमोर त्यांचा पुतळा उभा आहे. गोमंतकीय प्रवाशांनी तो अवश्य पाहावा. प्लेगची वार्ता पसरताच शहर ओस पडू लागले. ऑक्टोबर महिन्यात सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून मुंबईस बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सरंजामावर त्यांनी कामास आरंभ केला. मांसाच्या काढ्यात प्लेगचे जंतू वाढवायचे, त्यावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवायचे, म्हणजे त्या थेंबांपासून जंतूंचे धागे झुंबराप्रमाणे खाली लोंबतात. मग उष्णता देऊन ते जंतू मारायचे, अशी ती रीत होती. जंतू मेलेले, तथापि शरीराला शत्रूची ओळख पटवण्यास पुरेसे. अवघ्या तीन महिन्यांत लस सिद्ध झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःस टोचून घेतली, तीही इतरांना देण्याच्या मात्रेहून कितीतरी अधिक. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यास प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले निधन पावल्या आणि जूनमध्ये प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमामुळे रँडसाहेबाचा खून झाला, हे इतिहासाच्या पुस्तकातून आपण वाचलेलेच आहे. त्या भयाच्या आणि संशयाच्या दिवसांत हा मनुष्य सुई घेऊन लोकांपुढे उभा होता.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारी रोजी तेथील तीनशेहून अधिक कैद्यांपैकी सुमारे निम्म्यांनी आपखुशीने लस टोचून घेतली. पुढील दिवसांत न टोचलेल्यांत १२ जणांस प्लेग झाला आणि त्यांतील ६ मेले. टोचलेल्यांत दोघांस झाला आणि एकही मेला नाही. आकडे लहान आहेत, परंतु ते मांडताना हाफकिन यांनी घेतलेली दक्षता पाहण्यासारखी आहे. टोचणीच्या दिवशीच काही जणांत रोगाची चिन्हे दिसू लागली होती. लस अंगात भिनण्यास काही दिवस लागतात, तेव्हा या रोग्यांचा दोष लशीस देता येत नाही. त्यांचा उल्लेख निराळा करावा लागतो. दुसरे असे की तुरुंगातून रोज कोणी तरी सुटतो आणि कोणी नवा येतो. जो कैदी पाचव्या दिवशी सुटून घरी गेला, तो प्लेगमधून वाचला असे म्हणावे काय? पाच दिवस वाचला, एवढेच म्हणता येईल. म्हणून एका दिवशीची शिरगणती घेऊन भागत नाही. रोज किती टोचलेले आणि किती न टोचलेले तुरुंगात हजर होते, त्याची सरासरी धरावी लागते. हाफकिन यांच्या कोष्टकांत अशी रोजची सरासरी दिलेली असे.

हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. समजा, एखादा कैदी अतिसाराने मेला. त्याला प्लेग झाला नाही हे खरे. पण तो जिवंत राहता तर पुढल्या आठवड्यात झाला असता काय? ते आता कधीच कळणार नाही. मनुष्याच्या मागे अनेक व्याधी एकाच वेळी लागलेल्या असतात आणि जी आधी गाठते ती इतरांची वाट बंद करते. संख्याशास्त्रात यांना स्पर्धक जोखमी म्हणतात. आपल्या अंगणातील उदाहरण घेऊ. मानकुरादाच्या एका झाडाला शंभर कैऱ्या धरल्या. काही वाऱ्याने गळतात, काही किडतात आणि समजा, चाळीस माकडे नेतात. आता कोणी राखण ठेवून माकडांचा पुरता बंदोबस्त केला, तर चाळीस आंबे अधिक मिळतील काय? मुळीच नाही. माकडांच्या हातून सुटलेल्या त्या चाळिसांतील काही पुढे वारा पाडील, काही कीड खाईल. त्यातही माकडे नेमक्या निरोगी कैऱ्याच नेत असतील तर हिशेब आणखी निराळा होईल, कारण अशा कैऱ्या वाचल्या असत्या तर टिकल्याही असत्या. माकडांनी नेलेल्या कैऱ्यांना पुढे किडीने गाठले असते की नाही, हे झाडाकडे पाहून सांगता येत नाही. या शास्त्रातील सर्वांत अवघड गाठ ती हीच, आणि आजचे मोठमोठे गणितीही तेथे गृहीत धरल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाहीत.

हा विचार प्रथम पद्धतशीर मांडला तो स्वित्झर्लंडच्या डॅनिएल बेर्नुली या गणितज्ञाने, १७६० साली. त्यापुढचा रोग होता देवी. देवीने होणारे मृत्यू जगातून नाहीसे झाले तर मनुष्याचे सरासरी आयुष्य किती वाढेल, असा प्रश्न त्याने घेतला. देवीतून वाचलेले मूल अन्य कारणाने मरणारच, हे ध्यानात घेऊन त्याने गणित केले आणि उत्तर काढले की सरासरी आयुष्य २६ वर्षे ७ महिन्यांवरून २९ वर्षे ९ महिन्यांवर जाईल. त्यावर द'आलाँबेर या फ्रेंच पंडिताने आक्षेप घेतला. टोचून घेण्यातील धोका आज, या आठवड्यात सोसायचा असतो. लाभ मात्र दूर, आयुष्याच्या अखेरीस मिळतो. ही दोन्ही एकाच तराजूत कशी घालायची? माझ्या मते हा आक्षेप गणिताने पुरता मिटत नाही. आई आपल्या मुलाला घेऊन टोचणीच्या रांगेत उभी राहते तेव्हा तिच्या मनात तोच असतो.

पुन्हा हाफकिन यांच्याकडे वळू. १८९७ सालीच प्लेग दमणला पोहोचला. दमण तेव्हा गोव्याप्रमाणेच पोर्तुगीजांच्या अंमलाखाली होते. तेथील ८,२३० लोकांपैकी २,१९७ जणांनी टोचून घेतले, ६,०३३ जणांनी घेतले नाही. टोचलेल्यांत ३६ मेले, न टोचलेल्यांत १,४८२. शेकडा प्रमाण काढले तर एका बाजूस दीडाहून किंचित अधिक आणि दुसऱ्या बाजूस जवळजवळ पंचवीस. हे आकडे वाचून कोणाचेही मन हेलावेल. परंतु गावातील टोचणी ही तुरुंगातल्यासारखी एका दिवसात उरकत नाही, ती आठवडेच्या आठवडे चालते. जो महिनाभर जगला त्यालाच महिन्यानंतर टोचून घेण्याची संधी मिळते. पहिल्याच आठवड्यात जो मेला तो आपोआप न टोचलेल्यांत जमा होतो, मग त्याची इच्छा काहीही असो. एकच मनुष्य आरंभी एका रकान्यातला आणि नंतर दुसऱ्या रकान्यातला असतो. ही बाब न सांभाळल्यास लस आहे त्याहून अधिक गुणकारी दिसते. दमणचा फरक इतका प्रचंड आहे की तो केवळ या चुकीने उत्पन्न झाला असे कोणी म्हणणार नाही. तथापि त्यातील नेमका किती भाग लशीचा, हे त्या दोन आकड्यांवरून ठरवणे कठीण.

म्हणूनच बडोदे संस्थानातील उंढेरा या खेड्यातला प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फेब्रुवारी १८९८ मध्ये गावात प्लेग चालू असताना हाफकिन तेथे गेले. गावकऱ्यांना घराघरांप्रमाणे उभे केले आणि प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांना टोचले. बाप टोचला तर मुलगा नाही, एक भाऊ टोचला तर दुसरा नाही, असा प्रकार. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला तेथे टोचलेली माणसे ७१ होती आणि न टोचलेली ६४. टोचलेल्यांत ८ जणांस रोग झाला, ३ मेले. न टोचलेल्यांत २७ जणांस झाला आणि २६ मेले. चूल एक, ओसरी एक, घुशी-उंदीरही तेच. आणि टोचणीचा दिवसही सर्वांचा एकच. रकाने बदलण्याचा प्रश्न येथे उरत नाही. त्या ६४ जणांनाही लस मिळती आणि ते टोचलेल्यांच्याच प्रमाणात मरते, तर २६ ऐवजी तिघेच गेले असते.

हे वाचताना मन अस्वस्थ होते. ती तेवीस माणसे जाणूनबुजून वगळली गेली असे कोणी म्हणेल. त्यावर उत्तर असे की लस गुणकारी आहे हे त्या दिवशी कोणासच निश्चित ठाऊक नव्हते, आणि अर्धे गाव वगळल्याशिवाय ते ठाऊक होण्याचा मार्गही नव्हता. हे उत्तर बुद्धीला पटते. ज्या घरातील एक भाऊ गेला आणि दुसरा राहिला त्या घराला ते पटले असेल असे मला वाटत नाही. आज अशा चाचणीत माणसाची लेखी संमती घेतात, आणि लाभ स्पष्ट दिसू लागताच चाचणी थांबवून सर्वांना औषध देण्याची तजवीज आधीच करून ठेवतात.

१८९८ साली सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने, एडिंबरोचे प्राध्यापक फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली, या सर्व आकड्यांची कसून तपासणी केली. अनेक ठिकाणची शिरगणती सैल आहे असा ठपका त्यांनी ठेवला. पण टोचणीने रोग होण्याचे आणि मरणाचे प्रमाण बरेच घटते हेही त्यांना मान्य करावे लागले. १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या त्या जुन्या राजभवनात गेली आणि तेथून लशीच्या लाखो मात्रा बाहेर पडू लागल्या.

मग तो दुर्दैवी प्रसंग आला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ लोकांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. सगळा रोख हाफकिन यांच्यावर आला; परळच्या प्रयोगशाळेत निष्काळजीपणा झाला असा निष्कर्ष चौकशीत काढण्यात आला आणि त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. मुलकोवालचाही हिशेब नीट पाहण्यासारखा होता. त्या दिवशी पाच बाटल्या वापरल्या होत्या आणि मेलेले एकूण एक एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. ती बाटली कित्येक आठवडे आधी भरलेली होती. तेव्हाच तीत धनुर्वाताचे जंतू शिरले असते तर उघडताना दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. बूच काढण्यासाठी वापरलेला चिमटा त्याच सकाळी जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता वापरला गेला होता. हा पुरावा उपलब्ध असूनही पाच वर्षे लोटली. अखेर मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर नामांकित शास्त्रज्ञ यांनी १९०७ साली लंडनच्या वृत्तपत्रातून जाहीर आवाज उठवला, तेव्हा सरकारने हाफकिन यांना निर्दोष ठरवले.

मुलकोवालच्या १९ जणांची नावे गावास ठाऊक होती, त्यांच्यासाठी रडणारी माणसे होती. लशीमुळे जे प्लेगने मेले नाहीत त्यांना मात्र आपण वाचलो हे कळण्याची सोयच नव्हती. ते शेतावर गेले, लग्ने केली आणि वीसतीस वर्षांनी आणखी कशाने तरी मेले. ते केवळ कोष्टकात दिसतात, उंढेऱ्याच्या तेवीस जणांसारखे, दोन आकड्यांच्या वजाबाकीत. हाफकिन यांच्या बाजूने बोलणारा साक्षीदार म्हणजे ती वजाबाकी, आणि चौकशीत तिला कोणी फारसे विचारले नाही.

निर्दोष ठरल्यावर ते पुन्हा कलकत्त्यास आले, पण पूर्वीची उमेद त्यांना कोणी परत दिली नाही. मोठ्या प्रमाणावरील टोचणीचे काम त्यांच्या हाती पुन्हा आले नाही. काही वर्षांनी निवृत्त होऊन ते युरोपात गेले.

त्यांच्या पश्चात त्यांच्या प्रश्नांना अधिक धारदार हत्यारे मिळाली. १९१५ साली ग्रीनवुड आणि यूल या इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी पटकी आणि विषमज्वर यांच्या टोचणीचे आकडे तपासून, दोन गटांची तुलना कोणत्या अटींवर न्याय्य ठरते ते सांगितले : दोन्ही गट सर्व बाबतींत सारखे असावेत आणि रोगाशी त्यांची गाठ पडण्याचा संभव सारखाच असावा. उंढेऱ्याच्या ओसरीवर हेच साधण्याची धडपड होती. १९५८ मध्ये कॅप्लन आणि मायर यांनी, पाचव्या दिवशी सुटून गेलेल्या कैद्यासारखे जे रोगी मध्येच नजरेआड होतात, त्यांचा ते हजर असेपर्यंतचा काळ हिशेबात कसा धरावा, याची सुटसुटीत रीत दिली. १९७२ साली डेव्हिड कॉक्स यांनी वय, उपचार अशा अनेक गोष्टींचा परिणाम एकत्र तोलण्याचा मार्ग दाखवला. आज कर्करोगाच्या वा हृदयविकाराच्या रुग्णालयात नवे औषध तपासताना, एखादा वृद्ध रोगी कर्करोगाने जाण्यापूर्वी हृदयविकाराने गेला तर त्याची नोंद स्वतंत्र ठेवतात; त्याला कर्करोगातून वाचलेल्यांत घालत नाहीत.

हाफकिन यांनी विवाह केला नाही. उतारवयात ते आपल्या धर्माचरणात अधिकाधिक रमले आणि आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील यहुदी मुलांच्या धर्मशिक्षणासाठी ठेवली. परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले तेव्हा ते हयात होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान या गावी त्यांचे देहावसान झाले. १९६४ साली भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. त्यांचे कागदपत्र आणि रोजनिश्या जेरुसलेम येथे जतन करून ठेवलेल्या आहेत.